हिवाळी टायर कसे निवडावेत?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अनेक मराठी घरांतली मुलंमुली आता कॅनडात, जर्मनीत नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिकडून फोन येतो आणि बोलण्याच्या ओघात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'या शनिवारी गाडीचे टायर बदलायचे आहेत.' इकडे आईवडिलांना वाटतं, टायर झिजले असतील. पण गोष्ट तशी नसते. उन्हाळ्यात घातलेले टायर अगदी उत्तम स्थितीत असतात, तरी ते काढून ठेवायचे आणि त्यांच्या जागी दुसरे चार चढवायचे. मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा उलट अदलाबदल. आपल्याकडे टायर पार गुळगुळीत झाल्याशिवाय बदलायचा नाही, हा शिरस्ता असल्यामुळे हा खर्च अनाठायी वाटतो. नव्यानेच तिकडे गेलेल्या कुटुंबांनाही तो तसाच वाटतो. आधीच घरभाडं, मुलांचे गरम कपडे, गाडीचा हप्ता. त्यात आणखी चार टायर कशाला? 'आपली गाडी मोठी आहे, चारही चाकांना ताकद आहे, हळू चालवू' असं म्हणून पहिला हिवाळा तसाच काढण्याचा मोह होतो.

हा मोह का टाळावा आणि घरच्या गाडीसाठी हे टायर घ्यायचेच, तर ते कसे पारखून घ्यावेत, एवढंच आज पाहू.

थंडी आणि रबर

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. हिवाळी टायर फक्त बर्फासाठी असतो, असं नाही. त्याचा पहिला संबंध थंडीशी आहे. आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली घट्ट झालेली असते, पण शेजारीच ठेवलेलं शेंगदाण्याचं तेल पातळच असतं. दोन्ही तेलंच, पण थंडी सोसण्याची त्यांची ताकद निराळी. टायरच्या रबराचंही असंच आहे. रबर तेलासारखं गोठत नाही, पण थंडीत कडक होत जातं. उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या डांबरावर टिकावं म्हणून मुळातच जरा घट्ट बनवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की त्याचा लवचिकपणा कमी होऊ लागतो. हा ७ चा आकडा काही लक्ष्मणरेषा नव्हे; पण टायर बदलण्याची वेळ ओळखण्यासाठी सोयीची खूण आहे.

रस्त्याचा पृष्ठभाग आपल्याला सपाट दिसतो, पण त्यावर बारीक बारीक खडबड असते. मऊ रबर त्या खडबडीत दबून बसतं, म्हणून पकड मिळते. कडक रबर वरच्यावर सरकतं. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि इतर घटकांचं प्रमाण असं ठेवतात, की शून्याखाली २० अंशांतही ते बऱ्यापैकी मऊ राहावं. म्हणजे रस्ता अगदी कोरडा असला, बर्फाचा कण नसला, तरी कडाक्याच्या थंडीत या टायरचा उपयोग असतोच.

हिम वेगळं, बर्फ वेगळा

आपण आभाळातून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि सरबतात टाकतो त्यालाही बर्फच म्हणतो. गाडी चालवणाऱ्याला मात्र या दोहोंत फरक करावा लागतो. भुरभुर पडलेलं हिम मऊ असतं. हिवाळी टायरवरच्या रुंद खाचा ते आत दाबून धरतात आणि अडकलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाला धरतं. हिमाचा गोळा करताना हिमाला हिम चिकटतं, तसंच. म्हणून टायरच्या खाचांत थोडं हिम भरलेलं दिसलं, तर काळजीचं कारण नाही.

घट्ट बर्फाची गोष्ट निराळी. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि घसरण होते ती त्यामुळे. यावर उपाय म्हणून हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर अनेक बारीक चिरा पाडलेल्या असतात. चाक फिरताना या चिरा किंचित उघडतात, पाणी बाजूला सारतात आणि त्यांच्या कडा बर्फावर रुततात. गंमत अशी, की कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा शून्य अंशाच्या आसपासचा, वितळू पाहणारा बर्फ अधिक निसरडा असतो. 'आज थंडी कमी आहे' म्हणून निर्धास्त होऊ नये, ते यासाठी. कित्येकदा डांबरावर बर्फाचा पारदर्शक पापुद्रा जमतो. खालचं काळं डांबर दिसत राहतं आणि रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर हा धोका सर्वांत जास्त.

प्रश्न थांबण्याचा आहे

आता थोडं गणित करू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १४ मीटर. ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावर ती साधारण १२ मीटरमध्ये थांबते, आपल्या एस.टी.च्या एका बसच्या लांबीइतकं हे अंतर. चाकांखाली दाबून बसलेलं हिम असेल, तर तेच अंतर सुमारे ४० मीटर होतं. आणि निसरडा बर्फ असेल, तर जवळजवळ १०० मीटर. एकामागे एक आठ बस उभ्या केल्या, तर जेवढी रांग होईल तेवढं. पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेलेला वेळ यात धरलेलाच नाही.

हे आकडे घर्षणाच्या सर्वसाधारण प्रमाणावरून काढलेले आहेत. प्रत्येक रस्त्यावर आणि प्रत्येक टायरला ते तंतोतंत लागू होणार नाहीत. पण त्यांतून एक गोष्ट कळते. बर्फावर टायरची पकड अगदी थोडी वाढली, समजा एक दशांशाच्या घर्षणांकाऐवजी तेरा शतांश मिळाला, तरी १०० मीटरमधले सुमारे २२ मीटर वाचतात. पुढे थांबलेली शाळेची बस किंवा रस्ता ओलांडणारा माणूस आणि आपली गाडी यांच्यामध्ये हे २२ मीटर असतात. चार टायरांचे पैसे मोजायचे ते यासाठी.

याच हिशोबाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. वेग निम्मा केला, की थांबण्याचं अंतर चौथाईवर येतं. त्याच बर्फावर ताशी २५ किलोमीटर वेगाची गाडी सुमारे २५ मीटरमध्ये थांबेल. तेव्हा टायर कितीही चांगला असो, हळू चालवण्याला तो पर्याय नाही.

इथेच फोर व्हील ड्राइव्हचा मुद्दा येतो. चारही चाकांना ताकद मिळाली, की गाडी हिमातून सुटते लवकर, चढ चढते सहज. पण थांबताना इंजिनाची ताकद काय कामाची? ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. थांबवणार ती रबराची पकड आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग असतो जेमतेम तळहाताएवढा. उलट अशी गाडी निघताना फारशी घसरत नाही, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाज चालवणाऱ्याला येत नाही. ए.बी.एस.मुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते, हा मोठा फायदा. पण तोही टायरमध्ये नसलेली पकड निर्माण करू शकत नाही.

टायरवरच्या खुणा वाचाव्यात

दुकानात गेल्यावर विक्रेता काय सांगतो ते ऐकावं, पण टायरची बाजू स्वतः वाचावी. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, असं एक छोटं चित्र त्यावर असायला हवं. उत्तर अमेरिकेत १९९९ पासून ही खूण वापरात आली. ठराविक नमुन्याच्या टायरशी तुलना करून हिमावरची किमान पकड चाचणीत सिद्ध झाली, की मगच ही खूण मिळते.

'एम प्लस एस' ही दुसरी खूण मात्र जपून वाचावी. चिखल आणि हिम, असा त्या इंग्रजी अक्षरांचा अर्थ. ती टायरच्या नक्षीवरून कंपनीने स्वतःच लावलेली असते, तिच्यामागे हिमावरची सक्तीची चाचणी नसते. उत्तर अमेरिकेत नव्या गाडीबरोबर येणाऱ्या 'ऑल सीझन' टायरवरही ती दिसते. गुडइयर कंपनीने १९७७ मध्ये अमेरिकेत 'टिएम्पो' नावाचा ऑल सीझन टायर आणला, तेव्हापासून हा प्रकार रुळला. नाव 'सर्व ऋतूंचा' असलं, तरी हे टायर उन्हाळा, पाऊस आणि सौम्य थंडी एवढ्यासाठीच ठीक. अलीकडे 'ऑल वेदर' नावाचा आणखी एक प्रकार मिळतो. त्यावर डोंगर-हिमकणाची खूण असते आणि तो वर्षभर ठेवता येतो. व्हँकुव्हरसारख्या, फारसं हिम न पडणाऱ्या शहरात राहणाऱ्यांना तो सोयीचा आहे. मॉन्ट्रिअल, ओटावा किंवा विनिपेगच्या हिवाळ्यासाठी मात्र खास हिवाळी टायरच बरा.

आणखी एक बारकावा. डोंगर-हिमकणाची चाचणी हिमावरची आहे, घट्ट बर्फावरची नाही. युरोपात मे २०२१ पासून टायरच्या नव्या लेबलावर बर्फावरच्या पकडीसाठी वेगळं चिन्ह आलं आहे. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत राहणाऱ्यांनी ते पाहून घ्यावं.

कायदा काय म्हणतो?

कॅनडात प्रांतागणिक नियम बदलतात. क्वेबेक प्रांताने २००८ च्या हिवाळ्यापासून हिवाळी टायर सक्तीचे केले. आधी ही सक्ती १५ डिसेंबरपासून असे. २०१९ पासून ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी झाली. डोंगर-हिमकणाची किंवा खिळ्यांची खूण नसेल, तर किमान २०० डॉलर दंड होतो. ब्रिटिश कोलंबियात डोंगराळ भागातल्या बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हे टायर लागतात. तिथे एम प्लस एस टायर चालतो, पण त्याची खाच किमान साडेतीन मिलिमीटर खोल हवी. ओंटारिओत, म्हणजे टोरोंटोच्या प्रांतात सक्ती नाही. मात्र हिवाळी टायर लावणाऱ्यांना विमा कंपन्यांनी हप्त्यात सवलत द्यायची, असा नियम १ जानेवारी २०१६ पासून आहे. ही सवलत बहुधा मागावी लागते, आपणहून मिळत नाही.

जर्मनीत तारखांचं बंधन नाही. रस्त्यावर हिम, बर्फ किंवा गोठलेला ओलावा असेल, तेव्हा योग्य टायर हवेत, असा नियम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे केवळ डोंगर-हिमकणाची खूणच ग्राह्य धरतात. टायर केव्हा बदलावेत याची तिकडची घरगुती म्हण आहे, 'ओ ते ओ'. म्हणजे ऑक्टोबर ते ऑस्टर्न. ऑस्टर्न हा ईस्टरला जर्मन शब्द. लक्षात ठेवायला सोपं.

खिळे हवेत की नकोत?

काही हिवाळी टायरांत धातूचे बारीक खिळे बसवलेले असतात. गुळगुळीत बर्फावर त्यांच्यासारखी पकड दुसऱ्या कशाला नाही. पण उघड्या डांबरावर ते आवाज करतात आणि रस्ता खरवडतात. जपानमध्ये याचा मोठा धडा मिळाला. सेंदाई, सापोरो या शहरांत खिळ्यांनी खरवडलेल्या रस्त्यांची धूळ हिवाळ्यात हवेत इतकी पसरे, की लोकांच्या आरोग्याचा प्रश्न उभा राहिला. अखेर १९९० मध्ये जपानने खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदा केला. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये आणलेल्या 'ब्लिझॅक'सारखे मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचे बिनखिळ्यांचे टायर त्या काळातच पुढे आले.

आज जर्मनीत खिळ्यांना बंदी आहे. ओंटारिओच्या दक्षिण भागातही ते चालत नाहीत, उत्तरेकडे चालतात. तेव्हा शहरात राहणाऱ्या, मुख्यतः साफ केलेल्या रस्त्यांवरून ऑफिस, शाळा, बाजार करणाऱ्या कुटुंबाला बिनखिळ्यांचेच टायर योग्य. ज्यांचं गाव आडवळणाला आहे आणि रोजचा रस्ता महिनोन्‌महिने बर्फाखाली असतो, त्यांनी स्थानिक नियम पाहून खिळ्यांचा विचार करावा.

माप, भार आणि वय

टायरवर २०५/५५ आर १६, ९१ एच अशासारखी अक्षरं-आकडे असतात. २०५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या तुलनेत बाजूच्या भिंतीची उंची टक्क्यांत, १६ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भाराचा निर्देशांक. त्याचा अर्थ एक टायर ६१५ किलो भार पेलू शकतो. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं. हिवाळी टायरचं हे अक्षर थोडं खालच्या दर्जाचं असलं तरी चालतं, जसं एच म्हणजे ताशी २१० ऐवजी टी म्हणजे १९०. भाराचा आकडा मात्र कमी होऊ देऊ नये. घरची गाडी हिवाळ्यात रिकामी नसते. मागे आजीआजोबा, मुलांच्या खुर्च्या, सामान, सगळ्यांचे जाड कोट, हे सगळं टायरवरच येतं.

गाडीच्या माहितीपुस्तिकेत एकाहून अधिक मापं दिलेली असतील, तर हिवाळ्यासाठी त्यांतलं अरुंद माप निवडावं. अरुंद टायर हिमाला कापत खाली जातो. रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो. शिवाय अरुंद टायर बहुधा स्वस्त पडतो.

टायरचं वयही पाहावं. बाजूला चार आकडे असतात. २३१९ असतील, तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. रबर न वापरताही कडक होतं. म्हणून जुने टायर स्वस्तात मिळाले, तर केवळ खाचांची खोली पाहून घेऊ नयेत. खोलीचंही तसंच. नव्या टायरची खाच आठ-नऊ मिलिमीटर असते. कायद्याने अनेक ठिकाणी १.६ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे. पण चार मिलिमीटरच्या खाली गेल्यावर हिवाळी टायर नावापुरताच उरतो. ऑस्ट्रियात तर चार मिलिमीटर ही कायद्याचीच मर्यादा आहे.

चारच घ्यावेत

काटकसर म्हणून दोनच टायर घेऊन पुढच्या चाकांना लावले, तर काय होईल? पुढची चाकं रस्ता धरतील आणि मागची सुटतील. वळणावर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघेल आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरेल. मागे दोनच लावले, तर गाडी वळण न घेता सरळ जाईल. म्हणून चारही एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि सारख्या झिजेचे हवेत.

शक्य असेल तर या टायरांसाठी वेगळे साधे लोखंडी रिम घ्यावेत. सुरुवातीला खर्च वाढतो, पण दर सहा महिन्यांनी टायर रिमवरून उतरवण्या-चढवण्याची मजुरी वाचते आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चांगले रिम खराब होत नाहीत. खर्चाचा एकूण हिशोबही मांडून पाहावा. हिवाळी टायर रस्त्यावर असतात, तेव्हा उन्हाळी टायर झिजत नाहीत. म्हणजे दोन संच अर्धा अर्धा काळ चालतात आणि प्रत्येकाचं आयुष्य लांबतं. वाढीव खर्च उरतो तो रिमचा, मजुरीचा आणि टायर ठेवण्याच्या जागेचा. फ्लॅटमध्ये जागा नसेल, तर दुकानदार भाडं घेऊन ठेवतात. जर्मनीत या सोयीला चक्क 'टायरांचं हॉटेल' म्हणतात.

टायर लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. हवा दर महिन्याला पाहावी. वीस अंश उष्णतेत भरलेली हवा शून्याखाली वीस अंशांत सहा-सात पौंडांनी कमी दाखवते. टायर पंक्चर नसतो, आतली हवा आकुंचन पावलेली असते. आणि वसंत आला, की हे टायर जरूर काढावेत. उन्हात त्यांचं मऊ रबर भराभर झिजतं आणि तापलेल्या रस्त्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागतं.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात या टायरांची गरज नाही. पुण्यात किंवा निफाडला एखाद्या पहाटे पारा सातच्या खाली जातो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दंव गोठतं. पण दुपारी ऊन तापतंच. हिमाचल-काश्मीरला हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्या मराठी पर्यटकांची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलपर्यंत थंडीतही जाता येऊ लागलं आहे. हिमवृष्टी झाली, की पोलीस अनेकदा फोर बाय फोर किंवा चाकांना चेन लावलेल्याच गाड्या पुढे सोडतात. इथून नेलेले टायर तिथल्या थंडीत कडक झालेले असतात, हे ध्यानात घ्यावं. चेन ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांना लावायची, वेग अगदी कमी ठेवायचा आणि उघडं डांबर लागलं, की ती काढायची. चेन लावता येत नसेल आणि रस्ता पांढरा झाला असेल, तर स्थानिक चालकाची गाडी करणं शहाणपणाचं.

नातवंडांना भेटायला किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी जे आईवडील हिवाळ्यात परदेशी जाणार आहेत, त्यांनी तिकडे फोनवर चारच प्रश्न विचारावेत. टायर बदलले का? चारही बदलले का? त्यांवर डोंगर-हिमकणाची खूण आहे का? खाच चार मिलिमीटरहून खोल आहे का? चारही उत्तरं 'हो' आली, तरी मुलांना एवढं जरूर सांगावं, की आम्हाला विमानतळावरून आणताना सावकाश या, आम्ही थांबू.